मूठ उघडेपर्यंत दुकान बंद?

पत्राचा सारांश: तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका भगिनीचं हे पत्र. यजमान शिंपी, वय ५६. तीस वर्षांचं दुकान, पुरुषांचे कपडे आणि जूनमध्ये शाळांचे गणवेश. गेल्या पितृपक्षात पहाटे उठताना त्यांची उजवी बाजू लुळी पडली. नऊ दिवस दवाखान्यात काढले. आता दहा महिने होत आले. काठी घेऊन चालतात, बोलणं अडखळतं पण कळतं. उजवा हात खांद्यातून थोडा उचलतो, कोपर वाकतं, पण मूठ घट्ट मिटलेली आणि अंगठा आत. ‘सहा महिन्यांत येतं ते येतं’ असं एका डॉक्टरांनी सांगितलं. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून तीनदा अर्धा तास घरी येतात. शिवाय रोज तेलाची मालीश, रबरी चेंडू दाबणं आणि दाराला बांधलेली दोरी-पुली. घास भरवण्यापासून बटणं लावण्यापर्यंत सगळं या भगिनी करतात. पुण्यातला मुलगा रोबोटच्या सेंटरला न्यायचं म्हणतो, नाहीतर ऑनलाइन मिळणारा यांत्रिक हातमोजा घेऊ म्हणतो. दिराचं म्हणणं मशिनं विका, गाळा भाड्यानं द्या. आणि यजमान एवढंच म्हणतात, ‘हात आला की बघू.’ अजून थांबायचं की आवरतं घ्यायचं, असा प्रश्न आहे.

ताई,

पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, तुम्ही एक ओळ लिहिली आहे: ‘माझं सेवेत कुठे कमी पडतंय का?’ आधी तिचं उत्तर देते. कमी अजिबात पडत नाही. उलट थोडं जास्तच होतंय, आणि त्यावरून मला पुढे तुमच्याशी जरा भांडायचं आहे.

त्याआधी एका शब्दाबद्दल. तुमच्या पत्रात ‘हात येणं’ किती वेळा आलंय ते मी मोजलं नाही, पण पानोपानी आहे. पाय आला, हात आला नाही. हात आला की बघू. आपल्याकडे सगळेच असं बोलतात, मीही बोलते. पण या शब्दामुळे हात म्हणजे गावाला गेलेला पाहुणा होऊन बसतो. एसटी मिळाली की येईल, आपण दारात वाट बघायची. तुमच्या यजमानांच्या धंद्यात याहून चांगला शब्द आहे: हात बसणं. दुकानात नवीन ठेवलेलं पोरगं पहिलं वर्षभर काय करतं? काजं, बटणं, तुरपाई, उसवाउसवी. शंभर काजं वाकडी होतात, मास्तर ओरडतो, मग कधीतरी एक सरळ पडतं. त्या पोराचा हात कुठून आला नाही, तो बसला. लकव्यानंतरचा हातही याच वाटेनं जातो. हे मी धीर द्यायला म्हणत नाही, मेंदूचं काम तसं चालतं म्हणून म्हणते.

हाताला काही झालेलं नाही, हे घरातल्या सगळ्यांना एकदा सांगून टाका. बिघाड मेंदूच्या डाव्या बाजूला झाला. तिथून निघणाऱ्या बहुतेक तारा मेंदूच्या देठापाशी बाजू बदलतात, म्हणून उजवी बाजू गेली. बोलण्याचं केंद्रही बहुतेक माणसांत डावीकडेच असतं, म्हणून जिभेलाही धक्का बसला. मग पाय सुधारला आणि हातच का मागे राहिला? एक तर मेंदूच्या पृष्ठभागावर पायाचा भाग आतल्या घडीत असतो आणि त्याला रक्त वेगळ्या धमनीतून मिळतं. लकव्यात जी धमनी जास्त करून तुंबते, ती हाताच्या आणि चेहऱ्याच्या भागाची. दुसरं असं की चालण्यासाठी पाय खांबासारखा उभा राहिला तरी निम्मं काम भागतं. पाच बोटं सुटी सुटी हलवणं ही त्या मानानं फार नाजूक कारागिरी. त्यासाठी मेंदूतून निघणारी जी थेट वाट लागते, तीच यांच्यात मोडली आहे.

मूठ घट्ट झाली म्हणजे हातात ताकद आली, असंही समजू नका. हाताच्या सुधारणेचा एक ठरावीक क्रम बऱ्याच रुग्णांत दिसतो. आधी सगळं लुळं, मग खांदा-कोपर एकदमच वाकायला लागतात, मूठ मिटते, आणि ती उघडणं सगळ्यात शेवटी येतं. तुमच्या फाइलवर ‘ब्रनस्ट्रॉम’ आणि पुढे एखादा आकडा लिहिलेला असेल, तो याच पायऱ्यांचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण इथे हिशेब उलटा आहे.

आता ते सहा महिने. डॉक्टर खोटं बोलले नाहीत, अर्धवट बोलले. मेंदूची आपणहून होणारी दुरुस्ती पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगानं होते आणि नंतर तिचा वेग उतरतो. म्हणून आलेख काढला तर सहा महिन्यांपाशी तो सपाट झालेला दिसतो. पण सपाट होणं म्हणजे दार बंद होणं नव्हे. लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या रुग्णालयात हातासाठी तीन आठवड्यांचा कार्यक्रम चालतो, एकूण सुमारे ९० तासांचं काम. तिथल्या २२४ रुग्णांचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या निम्म्या रुग्णांना तर लकवा येऊन दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता. तरी हात सुधारले, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ती सुधारणा टिकलेली होती. म्हणजे पहिल्या महिन्यांत जे फुकट मिळत होतं, त्याला आता दाम मोजावा लागेल, आणि तो दाम पैशांपेक्षा तासांत आहे.

तरीही तुम्हाला खोटी आशा लावायची नाही. दहा महिन्यांनी मनगट वर उचलता येत नसेल आणि एकही बोट स्वतःहून सरळ होत नसेल, तर कात्री चालवणारा, सुईत दोरा ओवणारा उजवा हात परत मिळेल असं मी म्हणणार नाही. त्यापेक्षा लहान गोष्ट शक्य आहे: मदतनीस हात. कापड दाबून धरणारा, पिशवी अडकवणारा, डाव्या हाताला एकटं न टाकणारा. ऐकायला हे फार कमी वाटतं. पण दोन्ही हातांनी केलेल्या कामांची दिवसभरात मोजदाद करा, म्हणजे मदतनिसाची किंमत कळेल.

यजमानांचा हात नक्की कुठे आहे, ते थेरपिस्टला विचारा आणि एक साधी चाचणी त्यांच्यासमोरच करून बघा. खुर्चीत नीट बसवा, टेबलावर शिलाईतली एक चिंधी ठेवा. उजव्या हातानं, कशाही वेड्यावाकड्या पद्धतीनं, ती उचलून बाजूला सोडता येते का? उचलण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष द्या. ते जमलं, अगदी दहातल्या दोन वेळा जमलं, तरी पुढचा बराच रस्ता मोकळा आहे.

आता भांडणाचं.

एडवर्ड टॉब नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं माकडांवर प्रयोग केले होते. माकडाच्या एका हाताच्या संवेदनेच्या नसा कापल्या की ते माकड तो हात वापरणं सोडून देई. हलवण्याच्या नसा शाबूत असूनही. पण चांगला हात बांधून ठेवला की भुकेपोटी ते बधिर हात वापरू लागे. टॉबनी त्यातून काढलेला अर्थ असा: सुरुवातीला हात चालत नाही, प्रयत्न फसतात, दुसऱ्या हातानं काम भागतं, आणि मेंदू हळूहळू शिकतो की हा हात नाहीच. नंतर थोडी हालचाल परत आली तरी ती वापरायची सवय मोडलेली असते. (या प्रयोगांची दुसरी बाजूही आहे. १९८१ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या त्यांच्या प्रयोगशाळेवर पोलिसांचा छापा पडला, माकडांना ठेवलेल्या अवस्थेवरून खटला चालला. ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. ज्ञान कुठून आलं हे झाकून ते वापरू नये, म्हणून सांगितलं.)

याच विचारातून माणसांसाठी उपचार निघाला. चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि अधू हाताकडून रोज तासन्‌तास कामं करून घ्यायची. २००६ मध्ये अमेरिकेत त्याची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, लकवा येऊन तीन ते नऊ महिने झालेल्या २२२ रुग्णांवरची. दोन आठवड्यांच्या या उपचाराचा फायदा वर्षभरानंतरही दिसत होता. अर्थात ज्यांच्या मनगटात आणि बोटांत थोडी तरी हालचाल होती, असेच लोक त्यात घेतले होते.

आता तुमच्या घरात बघा. घास तुम्ही भरवता. बटणं तुम्ही लावता. पाण्याचा तांब्या हातात, नव्हे तोंडाशी. उजव्या हाताला दिवसभरात एकही काम उरत नाही. त्या माकडाच्या मेंदूला जो धडा नाइलाजानं मिळाला, तो इथे प्रेमानं दिला जातोय. मला माहीत आहे, हे वाचून तुम्हाला लागेल. पण गेले दहा महिने तुम्हाला कुणीच वेगळं काही सांगितलं नाही. सांगणाऱ्यांनी मालीश सांगितली, चेंडू सांगितला, देव सांगितले.

लगेच उठून त्यांचा डावा हात बांधू नका. ते काठीनं चालतात आणि काठी डाव्या हातात आहे. तो हात बांधून माणूस उठला की पडणार, आणि ५६ व्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तर हाताचा विषय वर्षभर मागे जाईल. जे करायचं ते बसून, आणि थेरपिस्टशी बोलून.

चेंडूबद्दल माझीच चूक सांगते. थेरपिस्ट म्हणून नोकरीच्या पहिल्या वर्षात मी दिसेल त्या रुग्णाच्या हातात मऊ चेंडू देत होते. नातेवाइकांना बरं वाटायचं, काहीतरी चाललंय असं दिसायचं. एक आजी होत्या, मुठीचं कुलूप लागलेल्या. महिनाभर त्यांनी इमानेइतबारे चेंडू दाबला आणि मूठ आणखी घट्ट झाली. एक दिवस त्यांची सून जेवणाच्या सुट्टीत तिथेच कोथिंबीर निवडत बसली होती. आजींनी डाव्या हातानं जुडी ओढली आणि उजव्या हाताची बोटं, पूर्ण नाही, पण देठ अडकवण्यापुरती उघडली. माझ्या सांगण्यावर जी कधी उघडली नव्हती ती. मिटणं ज्याला आधीच जास्त येतं, त्याला मिटण्याचा सराव कशाला द्यायचा? तेव्हापासून चेंडू मी कपाटात टाकला.

दाराची पुली आजच काढा. निरोगी हातानं दोरी ओढून अधू हात वर खेचला जातो, तेव्हा खांद्याचा सांधा सैल असतो आणि खवाटा सोबत फिरत नाही. मग आतले स्नायू चिमटले जातात. अशा पुलीनं खांदेदुखी वाढते हे अभ्यासांतून बऱ्याच आधी दिसलं आहे, तरी औषधांच्या दुकानात ती टांगलेली असतेच. उठवताना, कपडे घालताना हात ओढायचा नाही. शर्ट घालताना आधी अधू हात, काढताना तो शेवटी. मालीश हवी तर करा, हलक्या हातानं. त्वचा चांगली राहते, आणि तुम्हा दोघांची ती पंधरा मिनिटं मी का काढून घेऊ? पण मालीश हा हाताचा व्यायाम नाही, कारण त्यात काम तुमचा हात करतो. हाताचा पंजा सुजला, गरम लागला, नुसत्या स्पर्शानं दुखू लागला तर मालीश थांबवून डॉक्टरांना दाखवा. गरम पाण्याच्या पिशवीनं शेकणंही जपून. संवेदना कमी असेल तर चटका बसल्याचं त्यांना कळणार नाही. आणि ते कबुतराचं रक्त चोळणं वगैरे कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा.

मुठीचा ताठरपणा इतका असेल की तळहात धुता येत नाही, नखं रुततात, तर न्यूरॉलॉजिस्टना बोटॉक्सच्या इंजेक्शनबद्दल विचारा. त्यानं ठरावीक स्नायू सुमारे तीन महिने सैल होतात. पण तेवढ्यानं हात कामाला लागत नाही. सैल झालेल्या त्या तीन महिन्यांत त्याला काम दिलं, तरच त्या खर्चाचं चीज.

काम किती द्यायचं? २००९ मध्ये काही अमेरिकी संशोधकांनी उपचारांच्या सत्रांत बसून मोजलं: हातानं एखादं खरं काम करण्याची पुनरावृत्ती एका सत्रात सरासरी ३२ वेळा. ३२! तुमच्या यजमानांना विचारा, ३२ टाके घालून कुणी शिंपी झालाय का. त्यावरून लगेच हजारांच्या मागे लागू नका. त्याच संशोधकांनी पुढे जुन्या लकव्याच्या रुग्णांच्या गटांना एकूण ३२००, ६४०० आणि ९६०० पुनरावृत्त्या करायला लावल्या, तेव्हा जास्त केलेल्यांना त्या प्रमाणात जास्त मिळालं नाही. माझ्या अनुभवात, मन लावून केलेली, थोडी अवघड आणि ओळखीची कामं जिंकतात, आणि कंटाळून केलेले शंभर हेलपाटे हरतात. म्हणून सकाळी अर्धा-पाऊण तास, दुपारी तेवढाच, रोज. थकले की थांबायचं. थकलेला हात आणखी आखडतो.

आणि इथे मला तुमच्या घराचा हेवा वाटतो. लाकडी ठोकळे, प्लॅस्टिकचे शंकू असलं काही तुम्हाला आणायला नको. दुकानात सगळं आहे. उजवा हात कापडावर पसरून ठेवायचा, वजन द्यायचं आणि डाव्या हातानं खडूची रेघ मारायची. उजव्या हातानं पट्टी जागच्या जागी दाबून धरायची. रिकाम्या बॉबिनी एका डब्यातून ढकलत ढकलत दुसरीकडे न्यायच्या. मोठ्या गुंड्या टेबलाच्या कडेपर्यंत सरकवून डब्यात पाडायच्या. चिंध्या उचलून सोडायच्या. शिवलेल्या शर्टाची घडी दोन्ही हातांनी. सुरुवातीला खांद्याचा आणि कोपराचाच जोर लागेल, बोटं मागाहून. चालेल. फक्त धड आणि खांदा फार झुकवून काम उरकत असतील तर ती चोरी हसत हसत पकडा. इस्त्री आणि चालू मशिनची सुई या दोन गोष्टींपासून उजवा हात लांब.

आरसासुद्धा दुकानात आहेच, पण तो मोठा. फूट-दीड फूट उंचीचा एक आरसा टेबलावर, छातीच्या मधोमध उभा करा, तोंड डाव्या हाताकडे. उजवा हात आरशामागे झाकलेला. डावी मूठ उघडायची-मिटायची आणि बघायचं आरशात, म्हणजे उजवीच मूठ उघडतेय असं दिसतं. त्याच वेळी आरशामागे तसंच करायचा प्रयत्न. तोडलेल्या हाताच्या वेदनांसाठी मेंदूशास्त्रज्ञ डॉ. विलयनूर रामचंद्रन यांनी ही युक्ती वापरली होती. १९९९ मध्ये नऊ रुग्णांवरचा एक छोटा अभ्यास आला आणि लकव्यातही ती वापरात आली. जादू नाही, पण फायदा होतो हे त्यानंतरच्या बऱ्याच अभ्यासांत दिसलं. खर्च जवळपास शून्य. दिवसाला पंधरा-वीस मिनिटं.

हे सगळं तुम्ही एकट्यानं रचायचं नाही. घरी येणाऱ्या थेरपिस्टला सांगा की अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं हात हलवण्यात घालवण्याऐवजी पुढच्या दोन दिवसांचं काम नेमून द्या, वहीत लिहा. चांगला थेरपिस्ट खूश होईल. महिन्यातून एकदा का होईना, ऑक्युपेशनल थेरपिस्ट गाठा, मराठीत व्यवसायोपचार तज्ज्ञ. माझीच जात, म्हणून शिफारस करतेय असं समजा. कमला निंबकर यांनी १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात या विषयाची देशातली पहिली शाळा काढली, तरी आजही निम्म्या गावांत आम्हाला फिजिओच समजतात. रोजची कामं पुन्हा करता येण्यासाठी हात, साधनं आणि घर यांची जुळणी करणं, हा आमचा धंदा.

मुलाच्या रोबोटबद्दल. त्याची तळमळ खरी आहे, आणि लांब असलेल्या मुलांना पैसे हेच एक माप हातात असतं. पण २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोबोटच्या साहाय्यानं दिलेल्या व्यायामानं, नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत, हाताचं काम काही जास्त सुधारलं नाही. मशिन वाईट असतं असं नव्हे, ते व्यायाम जास्त करून घेतं एवढंच. पण त्यासाठी दागिने मोडणं, गाळा विकणं? नाही. यांत्रिक हातमोजा मिटलेली बोटं उघडून देतो आणि मिटवतो. यजमान तेव्हा स्वतः उघडण्याचा प्रयत्न करत नसतील, तर तो मोजा तुम्ही आज करता तेच करतोय, विजेवर. मुलाला सांगा, खर्च करायचाच तर पुण्यात दोन-तीन आठवडे राहून हाताचं रोज दोन-तीन तास काम करून घेणारं आणि घरच्यांना शिकवून परत पाठवणारं ठिकाण शोध. आणि महिन्यातून दोन रविवार स्वतः ये. त्या दिवशी बाबांसमोर चिंध्यांचा डबा घेऊन तो बसेल, तुम्ही बहिणीकडे जा.

यजमानांच्या ‘हात आला की बघू’ची मला जास्त काळजी वाटते. लकव्यानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं आणि पुरुष ते ‘बघू’ या एका शब्दात गुंडाळतात. झोप, भूक, चिडचिड, रडू येणं, दुकानाचं नाव काढलं की तोंड फिरवणं, यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. औषध लागलं तर घ्यावं. मात्र हाताची हालचाल यावी म्हणून कुणी फ्लुओक्सेटिन हे नैराश्यावरचं औषध देत असेल तर विचारा. २०१८ मधल्या ब्रिटिश चाचणीत, तीन हजारांवर रुग्णांमध्ये, त्यानं त्या बाबतीत फायदा दिसला नाही आणि हाडं मोडण्याचं प्रमाण मात्र वाढलं. नैराश्यासाठी देणं ही वेगळी गोष्ट. आणखी एक: ते बोलताना अडखळले की वाक्य तुम्ही पुरं करता, हो ना? तेही भरवणंच आहे. दहा सेकंद थांबून बघा.

आता दुकान. दीर म्हणतात विका, हे म्हणतात थांबा. दोघांचंही गृहीत एकच आहे: हात नाही तर शिंपी नाही. हे मला पटत नाही. तीस वर्षांनंतर शिंप्याचा हात जेवढा असतो, त्याहून जास्त त्याची नजर असते. गिऱ्हाइकाचा एक खांदा उतरता आहे, या कापडाला धुतल्यावर ओढ येणार, पोट सुटलेल्या माणसाची पँट कुठे सैल ठेवायची, हे सगळं मेंदूच्या त्या कोपऱ्यात शाबूत आहे. माप घेताना टेप तुम्ही किंवा एखादा मुलगा धरेल, आकडा ते सांगतील. शिलाईला एक कारागीर अर्ध्या मजुरीवर बसवा. मशिनला मोटर लावली तर चाकाला हातानं गती द्यावी लागत नाही आणि पायडल डाव्या पायानं चालतं. पण मशिनवर बसणं नंतर, आधी बाजूला बसून बघणं. बेतण्याचं म्हणाल तर डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते. साधी कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून फाकतात आणि खडूची रेघ पात्याखाली झाकली जाते. दोन महिने रद्दी कागद कापू देत. वाकडं कापलं तर कागदच जाईल.

सुरुवात दोन तासांची करा, सकाळी दहा ते बारा. उसवणं, उंची कमी करणं, असली किरकोळ अल्टरची कामं घ्या. पैसे फारसे मिळणार नाहीत, गाळ्याचं वीजबिल निघालं तरी पुष्कळ. मी दुकान उघडायला सांगतेय ते धंद्यासाठी कमी आणि हातासाठी जास्त. त्या टेबलाशी तो हात तीस वर्षं वावरला आहे. घरच्या पलंगावर त्याला काहीही आठवण्याचं कारण नाही. पैशांची ओढाताण फारच असेल तर गाळ्याची पुढची बाजू भाड्यानं देता येईल. मशिनं मात्र इतक्यात विकू नका. त्यांच्यादेखत मशिन टेम्पोत चढलं की ‘हात आला की बघू’ मधला ‘बघू’ पण जाईल.

हे उत्तर इतरही वाचतील म्हणून थोडं. ज्यांच्या घरी डावी बाजू गेली आहे, तिथे कधी कधी माणूस ताटाच्या डाव्या अर्ध्याकडे बघतही नाही. तो हट्ट नसतो, मेंदूला ती बाजूच दिसेनाशी होते. त्याच्या डावीकडून बोला, डावीकडे बसा, मात्र पाणी आणि काठी तो शोधू शकेल अशीच ठेवा. ज्यांचा रुग्ण नुकताच घरी आला आहे, त्यांनी पहिले महिने वाया घालवू नयेत, आणि लुळ्या खांद्याखाली उशीचा आधार विसरू नये. आणि सगळ्यांनीच: रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या ‘आता बरं आहे’ म्हणून बंद करायच्या नाहीत. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड, यातलं काहीही अचानक नव्यानं दिसलं तर मालीशवाला नको, गाडी बोलवा आणि सिटी स्कॅन असलेला दवाखाना गाठा. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं.

आणि भरवणं कधी थांबवायचं, ताई? एकदम नको. रात्रीचं जेवण पूर्वीसारखंच राहू द्या, तोवर दोघंही थकलेले असता. सकाळच्या नाश्त्याला मात्र बशी त्यांच्यासमोर ठेवा, डाव्या हातात चमचा, उजवा हात बशीला धरून. पोहे सांडतील. सांडू देत, आणि तुम्ही तोवर स्वयंपाकघरात जाऊन स्वतःचा चहा गरम असतानाच प्या. पहिल्या दिवशी ते चिडतील, कदाचित तुमच्यावर ओरडतील. त्यांना सांगा, त्या सल्ला देणाऱ्या बाईनं सांगितलंय, तिच्यावर ओरडा.

गेल्या दसऱ्याला तुमच्याकडे मशिनची पूजा झाली नसणार, तुम्ही तेव्हा दवाखान्यातून नुकत्याच परत आला होता. यंदाच्या दसऱ्याला अजून अडीच महिने आहेत. तोवर मशिनं विकायची की ठेवायची हा विषय घरात काढायचा नाही, असं दिरांना माझ्या नावानं सांगा. दसरा झाला की पत्र लिहा. हात आला का, ते लिहू नका. चिंधी दहातल्या किती वेळा सुटली, तेवढं कळवा.